बिनगाडीचा मालक

जपानी मोटारींच्या एका मालक संघाचा मी काही काळ कार्यवाह होतो. माझ्याकडे मोटार नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा शक्य झाल्या, असं लोक विचारतात. मला त्यात विशेष काही वाटत नाही. माझी सगळी नोकरी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेली. पाककृतींच्या पुस्तकांची सूची मी तयार केली तेव्हा मला चहासुद्धा करता येत नव्हता. त्याबद्दल कोणी चौकशी नेमली नाही.

कंपनीचं नाव मी इथे देत नाही. संघाच्या नियमानुसार छापील मजकुरात ते नाव वापरायचं तर समितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा 'कंपनी' एवढंच म्हणतो.

सुरुवात बायकोने केली. मी कुठल्याच गोष्टीची सुरुवात करत नाही. साठी उलटल्यावर ती मोटार चालवायला शिकली. रोज सकाळी ती कुठे जाते, हे तिने मला रीतसर सांगितलं होतं. मी वाचत होतो, म्हणून 'हं' म्हणालो होतो. एके दिवशी तिने परवाना आणून माझ्या पुस्तकावर ठेवला. त्यावरच्या फोटोत ती माझ्याकडे नेहमी बघते तशीच बघत होती.

"आता एक गाडी बघा," ती म्हणाली. "जुनी चालेल. मला ताईकडे जायचं असतं. मनात येईल तेव्हा."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. ती गावाबाहेर राहते. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ती घराबाहेर पडत नाही, आणि बस जिथे सोडते तिथून तिच्या घरापर्यंत चालणं आता आमच्याही गुडघ्यांना मान्य नाही. तोवर बायकोला ताईकडे माझा मेहुणा, म्हणजे या दोघींचा धाकटा भाऊ, घेऊन जात असे. म्हणजे त्याला त्या बाजूला काम निघालं, तर. तो खालून हॉर्न वाजवायचा. ताईकडे पोचल्यावर घरात न शिरता दारातच किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहायचा. त्यामुळे दोघी बहिणी सगळं बोलणं उंबरठ्यावर उभ्याउभ्या उरकायच्या, आणि घरी आल्यावर बायकोला आठवायचं की जे सांगायला गेले ते राहूनच गेलं.

"बाईंनी सांगितलंय," ती पुढे म्हणाली. बाई म्हणजे तिला गाडी शिकवणाऱ्या. "त्या म्हणाल्या, आजी, परवाना कपाटात ठेवून बसू नका. चालवली नाहीत तर हात विसरतात. तुमच्या वयात विसरलेलं परत बसवणं कठीण."

"बघतो," मी म्हणालो. "आधी जरा वाचतो."

या वाक्याचा पुढे घरात फार वाईट अर्थाने उल्लेख होऊ लागला.

जपानी मोटार घ्यावी, असं सगळेच म्हणत होते. का घ्यावी, हे कोणी सांगत नव्हतं. "जपानी ती जपानीच," एवढ्यावर लोकांचा अभ्यास संपायचा. माझा तिथून सुरू होतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला कंपनीने स्वतःच्या पन्नाशीनिमित्त काढलेला एक ग्रंथ मिळाला. तो इतका जड होता की दुकानदाराने मला दारापर्यंत सोबत केली.

कंपनीचे संस्थापक मुळात छत्रीच्या काड्या करणारे. वडील काड्यांवर समाधानी होते, थोरला भाऊ मुठींवर. धाकट्याला चाकांची ओढ. त्याने आधी सायकलची घंटी केली, मग घंटीला शोभेल अशी सायकल, आणि मग मासळी वाहून नेणारी एक तीनचाकी. ही तीनचाकी डावीकडे वळताना आडवी व्हायची. ग्रंथात या कालखंडाला 'शिकण्याची वर्षे' म्हटलं आहे. मासळीवाले त्याला काय म्हणत, याची नोंद नाही. त्यानंतर आली पहिली मोटार. तिला मागे जायचा गिअर नव्हता. माणसाने निघण्यापूर्वीच नीट विचार करावा, म्हणजे मागे यावं लागत नाही, असं संस्थापकांचं मत होतं. मला हा माणूस फार आवडला. मीही निघण्यापूर्वी विचार करतो. बहुतेक वेळा मग निघतच नाही.

"मग ही घ्यायची का?" बायको अधूनमधून विचारायची.

"थांब गं. अजून युद्धापर्यंतच आलोय."

युद्ध संपलं, कारखाना पुन्हा उभा राहिला, कंपनीने चौथं चाक कायमचं स्वीकारलं. इकडे मेहुण्याला त्या बाजूला काम निघणं कमी कमी होत गेलं. पण इतिहास झाला म्हणजे अभ्यास झाला असं नाही. मालकांची मतं घ्यायला हवीत.

इथे माझी अडचण सुरू झाली. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. ओळखीच्याशीही फार येतं असं नाही. म्हणून मी एक पद्धत बसवली. कंपनीची गाडी कुठे उभी दिसली की तिच्या जवळ जाऊन उभं राहायचं, मालक आला की घसा साफ करायचा, आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. या पद्धतीत काही दोष निघाले. एका बाईंनी घाईघाईने गाडीत बसून आतून कुलूप लावलं. एका गृहस्थाने मला सुट्टी नाणी दिली.

तरीही मतं मिळत गेली, आणि एक शोध लागला. गाडीबद्दल मत विचारलं की माणूस स्वतःबद्दल बोलतो. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना मी विचारलं, गाडी इंधन किती खाते. ते म्हणाले, "ते चालवणाऱ्यावर असतं," आणि लाजले. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या की इतक्या वर्षांत गाडीने एकदाही त्रास दिला नाही. त्यांच्या गाडीवर धुळीचा जो थर होता, तो पाहता गाडीला त्रास देण्याची संधीच मिळाली नसावी. ज्याने गाडी घेतली तो नावं ठेवत नाही, कारण मग स्वतःच्या अकलेला नावं ठेवल्यासारखं होतं. ज्याने घेतली नाही तो चांगलं म्हणत नाही, कारण तेच.

मेहुणा या दुसऱ्या गटातला. त्याची गाडी दुसऱ्या कंपनीची.

"दाजी, जपानी पत्रा म्हणजे बिस्किटाचा डबा," तो म्हणाला. "बोटाने दाबला तरी खळगा पडतो."

"मग तू दाबायला जातोस कशाला?" बायकोने आतून विचारलं.

"मी आपलं सांगितलं. तुला गाडी काय करायचीय? मी आहे ना."

 आत कपबशा जरा जोरात ठेवल्या गेल्या.

अशात एका संध्याकाळी मी बाजारापाशी एका निळ्या गाडीजवळ उभा राहून घसा साफ करत होतो. आतून एक भारदस्त गृहस्थ उतरले, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम माझा हात दोन्ही हातांत धरला.

"नजरच सांगते," ते म्हणाले. "तुम्ही आपल्यातलेच."

ते मालक संघाचे अध्यक्ष होते. ते सलग बोलतात. मला 'नाही' म्हणायचं होतं, पण 'नाही' म्हणायला समोरच्याच्या बोलण्यात कुठेतरी फट लागते. अध्यक्षांच्या बोलण्यात ती नाही. फट मिळेल या आशेवर मी त्यांच्याबरोबर चालत राहिलो. चालत चालत आम्ही एका सभागृहात पोचलो, तिथे संघाची सभा होती, आणि मी पहिल्या रांगेत होतो.

गप्प बसलो असतो तर तिथूनही सुटलो असतो. पण एका सभासदाने भाषणात सांगितलं की कंपनीचे संस्थापक घड्याळजी होते. ज्याने संदर्भ विभागात जन्म काढला त्याला असं वाक्य ऐकून बसवत नाही. मी स्वतःशीच म्हणालो, "छत्रीच्या काड्या." सभागृह लहान होतं. सगळ्या माना वळल्या. मग मला काड्या, घंटी, तीनचाकी, सगळं सांगावं लागलं.  यांतल्या कोणीही आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेपलीकडे काही वाचलेलं नव्हतं, आणि तीही फक्त गाडी बंद पडल्यावर. त्याच सभेत मला कार्यवाह निवडण्यात आलं. अध्यक्ष मला 'आचार्य' म्हणू लागले.

मी कधीही खोटं बोललो नाही, हे इथे नमूद करतो. "आचार्य, गाडी?" असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी "आज आणली नाही" म्हणालो. हे अक्षरशः खरं आहे.

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "जुन्या गाड्या रोज काढू नयेत."

'जुनी' हा शब्द माझा नव्हता. पुढच्या सभेला एकाने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की कोणतं वर्ष. तो पहिल्या मोटारीबद्दल विचारतोय असं समजून मी वर्ष सांगितलं. त्याने तोंडावर हात ठेवला. त्यानंतर संघात माझ्याशी बोलताना लोक आवाज खाली आणू लागले. कंपनीच्या पहिल्या मालिकेतली, मागे न जाणारी मोटार माझ्याकडे कापडाखाली उभी आहे, अशी समजूत कशी पसरली ते मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, लोक इतिहासाचा आदर करतात.

बायकोला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं.

एका संध्याकाळी सभा आटोपून घरी आलो तर ती जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची भिंतीकडे तोंड करून बसली होती. पायाशी माझ्या दोन चपला आणि तिची एक, अशा ओळीने मांडलेल्या. शेजारी पाण्याच्या बादलीत उभी केलेली छत्री, आणि तिची मूठ हिच्या हातात. माझ्या चपला क्लच आणि ब्रेक होत्या. स्वतःची तिने अॅक्सिलरेटरला ठेवली होती.

"तिसरा कुठे असतो?" तिने वळून न बघता विचारलं.

"तिसरा कोण?"

"गिअर. परवापर्यंत हात आपोआप जायचा. आता थांबतो मध्येच."

मला उत्तर माहीत नव्हतं. तिसरा गिअर कंपनीने कोणत्या साली आणला ते माहीत होतं.

"तुमच्या अध्यक्षांचा फोन आला होता," ती म्हणाली. छत्रीची मूठ तिने सोडली नाही. "वहिनी, म्हणाले, वार्षिक मेळाव्यात साहेबांची गाडी सगळ्यांच्या पुढे ठेवतोय. त्यांना मागे घेता येत नाही ना, म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो, त्यांना मागे घेता येत नाहीच."

मी खुर्चीवर बसलो. तयार केलेलं वाक्य आठवेना.

"अख्ख्या गावात गाडी नसलेले मालक तुम्ही एकटे," ती म्हणाली. "आणि परवाना असून खुर्ची चालवणारी मी एकटी. जोडा छान आहे. ताई फोनवर विचारते, अगं, गाडी आली का. मी सांगते, हे अजून वाचतायत. ती म्हणते, वाचू दे हो, पण मी आहे तोवर वाचून होऊ दे." मग ती उठली, चपला जागेवर नेऊन ठेवल्या आणि म्हणाली, "गाडी मी बघते. तुम्ही खाली जागा तेवढी मिळवा. तेवढं तरी."

जागा मिळवणं सोपं होतं. आमच्या इमारतीखाली गाडीची एक जागा रिकामी आहे. रिकामी म्हणजे तिथे इमारतीच्या चेअरमनचा मोडका सोफा असतो.

"जागा तुमचीच आहे, काका," चेअरमन म्हणाले. "गाडी दाखवा, जागा घ्या."

मी परवाना कार्यालयात गेलो. तिथल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या की गाडी नावावर करायची तर आधी ती उभी करायला जागा आहे असा दाखला आणा. मी चेअरमनकडे आलो. ते म्हणाले, गाडीच नाही तर दाखला कशाचा देऊ. मी खिडकीकडे गेलो. बाई म्हणाल्या, जागाच नाही तर गाडी रस्त्यावर लावणार का. दोघांचंही म्हणणं मला पटत होतं. माझी हीच तर मुख्य अडचण आहे. मी चेअरमनना खिडकीचं म्हणणं इतक्या समजूतदारपणे सांगितलं की त्यांनी मला विचारलं, काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. दंतवैद्य म्हणाले, वरपर्यंत तक्रार करा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्यांच्या गाडीचं आवरण देते, ते जमिनीवर पसरून खाली दोन खोकी ठेवा. लांबून गाडीच दिसेल. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, सोडा ना. एवढा व्याप कोणासाठी?" जिच्यासाठी होता ती समोरच बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको विणकाम घेऊन खाली गेली आणि त्या मोडक्या सोफ्यावर बसली. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं की ती सांगायची, "आमची जागा आहे. गाडी येईपर्यंत मीच उभी आहे." दुपारी तिने थर्मास मागवला. इमारतीत येणारे पाहुणे तिला नमस्कार करून वर जाऊ लागले. चेअरमनच्या व्याह्यांनी तर, या कोण, असं चेअरमननाच विचारलं. संध्याकाळी सोफा हलला आणि दाखला घरपोच आला. ती म्हणाली, उद्यापर्यंत थांबले असते तर स्वेटरचा पुढचा भागही विणून झाला असता.

गाडीसाठी तिने कोणाचंही मत घेतलं नाही. ज्या गाडीवर ती शिकली, तीच शिकवणाऱ्या बाईंकडून घेऊन आली. बाई नवीन घेणार होत्या. "हिच्यावर हात बसलाय माझा, मग दुसरी कशाला?" एवढाच तिचा अभ्यास. गाडी पांढरी, कंपनीचीच, पण माझ्या ग्रंथात जिला अर्धं पान मिळालं आहे अशी. मागच्या बाजूला 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' ही अक्षरं खरवडून काढली होती. खरवडल्यामुळे ती आधीपेक्षा ठळक दिसत होती.

आणि एक खास सोय होती. शिकवणीची गाडी असल्याने शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक होता. मी दार उघडून ते पाहिलं तेव्हा, खरं सांगतो, माझ्या छातीवरचा दगड उतरला. संसारात प्रथमच माझ्या बाजूला ब्रेक आला होता.

मेळावा त्याच आठवड्यात होता. अध्यक्षांना आधी फोन करून सगळं सांगावं, असं मी ठरवलं. फोन केला, त्यांनी उचलला, आणि फट मिळाली नाही. तेव्हा मी कोट घातला, भाषणाचे कागद घेतले आणि गाडीत बसलो.

तो प्रवास मी विसरणार नाही. निघताना बायकोचा हात गिअरवर जरा थांबला. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि हात गेला. कोपऱ्यावर समोरून सायकलवाला आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. चौकात दिवा लाल झाला, मी दाबला, थांबली. भाजीवाल्याची गाडी, एक कुत्रा, एक संथ गृहस्थ, प्रत्येक ठिकाणी मी वेळेवर ब्रेक दाबून पुढचा अनर्थ टाळला. बायकोला हे कळू नये म्हणून मी चेहरा अगदी शांत ठेवला होता. तिने काही विचारलं असतं तर, छान चालवतेस, असंच म्हणणार होतो. माणसाने मोठ्या मनाचं असावं.

मैदानावर सगळ्या गाड्या चकचकीत करून रांगेत उभ्या होत्या. सर्वांत पुढे एक जागा दोरी बांधून राखली होती. बायकोने गाडी तिथे नेली, मग मागे घेतली, आणि सरळ करून पुन्हा पुढे लावली. ती मागे आली तेव्हाच मैदानावर कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष गाडीभोवती एक फेरी मारून मागच्या अक्षरांपाशी थांबले.

"आचार्य," ते म्हणाले. "ही पहिल्या मालिकेतली?"

"बाईंच्या क्लासमधली आहे," बायको म्हणाली. "फार चांगल्या शिकवतात."

अध्यक्ष प्रथमच गप्प झाले. इतकी मोठी फट आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. पण तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

मी माईकसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. आजवर माझ्याकडे गाडी नव्हती, मी कोणाला फसवायचं ठरवलं नव्हतं, मला नाही म्हणता आलं नाही, कार्यवाहपदावरून मला मोकळं करावं. बोलताना मी हातातल्या कागदांकडेच बघत होतो. भाषण संपल्यावर जोरदार टाळ्या पडल्या. मागाहून कळलं की माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नव्हता. लोकांना ते छत्रीच्या काड्यांबद्दल वाटलं.

टाळ्यांमुळे मला धीर आला. मी माईकच्या जवळ सरकलो, आणि या वेळी आवाज खणखणीत लागला. "मालक म्हणून माझं पहिलंच मत देतो," मी म्हणालो. "या कंपनीचे ब्रेक अप्रतिम आहेत. आज येताना मी स्वतः शेजारच्या सीटवरून अनेकदा वापरले. नुसता पाय ठेवला तरी गाडी जागच्या जागी थांबते. माझी पत्नी नवशिकी आहे. ब्रेक नसते तर आम्ही इथे नसतो."

हे मात्र मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. बायको गाडीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, परवान्यावरच्या फोटोतल्यासारखी नाही. त्याहून शांतपणे.

सभासद ते ब्रेक बघायला जमले. अध्यक्ष माझ्या सीटवर बसले आणि त्यांनी पेडल दाबलं. ते खाली गेलं आणि मेलेल्या माणसाच्या हातासारखं तिथेच पडून राहिलं. त्यांनी बोटाने उचलून वर केलं, पुन्हा दाबलं, वाकून खाली पाहिलं.

"आचार्य," ते म्हणाले, "याला काही जोडलेलंच नाही."

"गाडी घेतानाच बाईंना सोडवायला सांगितलं मी," बायको म्हणाली. "गाडी एकीने चालवायची असते. पेडल तेवढं राहू दे म्हटलं. ह्यांना पाय ठेवायला काहीतरी लागतं."

हसायला कोणी आधी सुरुवात केली ते मला दिसलं नाही. मी बुटांकडे बघत होतो. अध्यक्षांच्या पत्नी शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "आमचे तर काही नसताना दाबतात. पायाखालचं रबर गेलं माझ्या गाडीचं."

अध्यक्षांनी स्वतःला सावरलं. संघाची प्रतिष्ठा हा त्यांचा प्रांत होता. ते म्हणाले, झालं ते झालं, आता गाडी आली आहे, तेव्हा आचार्यांचं पद नियमाला धरूनच आहे. फक्त नोंदीसाठी विचारतो, गाडी कोणाच्या नावावर आहे?

"माझ्या," बायको म्हणाली.

नियम स्पष्ट होता. माझ्या जागी तिला कार्यवाह निवडण्यात आलं. तिने दोन अटी घातल्या. सभा वेळेवर सुरू व्हावी, आणि अध्यक्षांनी मध्ये श्वास घ्यावा. दोन्ही मंजूर झाल्या. मला 'कार्यवाहांचे पती' म्हणून पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची मिळाली.

मेळावा संपायच्या आतच तिने किल्ली काढली. "चला, ताईकडे जाऊ."

"आज? लांब आहे. शिवाय तो चढ."

"म्हणूनच आज."

गावाबाहेर पडेपर्यंत मी पाय सीटखाली ओढून घेतले होते. दोन्ही हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. तिने पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि मोकळा रस्ता आला तशी न थांबता तिसरा. मी बघितलं, पण काही म्हणालो नाही. आता माझ्या शाबासकीला बाजारात फारशी किंमत उरली नव्हती.

चढाच्या टोकाशी वळणावरून एकदम एक ट्रक आला. रस्ता अरुंद, ट्रक मधोमध. माझा पाय सीटखालून निघून त्या मेलेल्या पेडलवर कधी गेला ते मला कळलंच नाही. मी तो सगळा जोर लावून तळापर्यंत दाबला. गाडी कडेला जाऊन अलगद थांबली. ट्रक धूळ उडवत खाली गेला. चढावर गाडी मागे घसरली नाही. इंजिन बंद पडलं नाही.

बायको समोर बघत होती. 

"दाबलात?" तिने विचारलं.

"दाबला."

"थांबली?"

"थांबली."

"मग असू द्या पाय तिथेच," ती म्हणाली, आणि पहिला गिअर टाकला.

ताई हातातल्या काठीवर भार टाकून दारात आली. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा चालकाच्या सीटवरून उतरणाऱ्या धाकट्या बहिणीकडे. मग सवयीने तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "किती वेळ आहेस?"

"ठरवलं नाही अजून," बायको म्हणाली. किल्ली पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली, आणि ताईचा दंड धरून तिला आत घेऊन गेली. आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. मग दोघींचा आवाज एकदमच सुरू झाला.

मला उतरायला वेळ लागला. दिवसभर दाबून दाबून उजव्या पोटरीत गोळा आला होता. आता माझं मत कोणी विचारत नाही, पण एका वापरणाऱ्याचं म्हणून ते देऊन ठेवतो. गाडी चांगली आहे. दोष एवढाच, की शेजारी बसणाऱ्याला ती फार चालवावी लागते.